वेढ्यात घेतलेलं शेत: यिर्मया, हनन्या आणि आशेचा भाव

पडवीतला_वाचक

हिब्रू शास्त्रातल्या (बायबलच्या जुन्या करारातल्या) संदेष्ट्यांचा विषय इथे अधूनमधून निघतो आणि चार ओळींत मिटतो. कुणी म्हणतं, सदा शिव्याशाप देणारी चिडकी माणसं. कुणी म्हणतं, असू दे, शेवटी आशा देतातच ना. मला दोन्ही पटत नाही. का, ते सांगायला यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय घेतो. त्यात प्रवचन थोडं आहे आणि जमिनीचा व्यवहार जास्त.

काळ इ.स.पूर्व ५८८-५८७. यरुशलेमला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजा नबुखद्नेस्सराचा वेढा पडलाय. गादीवर सिद्कीया. त्याला गादीवर बसवलं नबुखद्नेस्सरानेच, पण मिसरच्या (इजिप्तच्या) भरवशावर त्याने बंड केलं आणि हा वेढा ओढवून घेतला. यिर्मया राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. चाळीसेक वर्षं तो एकच गोष्ट सांगत आलाय: असेच वागत राहिलात तर हे शहर पडेल. आता तर राजाला तोंडावर सांगतो, तूही हाती सापडशील. वेढ्यातल्या शहरात असं बोलणारा माणूस कुठल्याही सरकारला फितूरच वाटणार.

अशात त्याचा चुलतभाऊ हनमेल भेटायला येतो. म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू घे, भाऊबंद म्हणून ते सोडवायचा हक्क तुझाच आहे. अनाथोथ हे यिर्मयाचं मूळ गाव, यरुशलेमच्या ईशान्येला पायी तासाभराच्या वाटेवर. म्हणजे वेढा घालून बसलेल्या फौजेच्या टाचेखालचं. आणि एवढंच नाही. अकराव्या अध्यायात याच गावच्या लोकांनी यिर्मयाला ठार मारायचा कट केला होता. शिवाय यिर्मयाला बायको नाही, मूल नाही. लग्न करू नकोस असा त्याला आदेशच होता. शत्रूच्या ताब्यातलं, वैऱ्यांच्या गावातलं शेत, आणि घेणारा तुरुंगात बसलेला निपुत्रिक. हनमेलला रोकड हवी होती हे उघड आहे. अशा वेळी जमीन कोण घेतं?

यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. दस्त लिहितो, मोहर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. दस्ताचे दोन भाग, एक मोहरबंद आणि एक उघडा. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकले पाहिजेत. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जाणार आहेत.

आणि मग, सगळा व्यवहार उरकल्यावर, तो देवापुढे मन मोकळं करतो. लांबलचक स्तुती करून शेवटी विचारतो: बाहेर मोर्चे बांधून झालेत, शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती गेल्यात जमा आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. शंका आधी फिटली आणि मग पैसे दिले, असं झालेलं नाही. पैसे आधी गेले.

आता याच्या शेजारी हनन्याला बसवा. अध्याय २८, वेढ्याच्या पाच-सहा वर्षं आधीचा. इ.स.पूर्व ५९७ मध्ये यरुशलेम एकदा पडलं होतं. तरुण राजा यहोयाखीन, दरबारी, कारागीर, मंदिरातली पात्रं, सगळं बाबेलला गेलं होतं. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून हिंडत होता: बाबेलचं जू माना आणि जगा. हनन्या भर मंदिरात म्हणाला, दोन वर्षं थांबा, पात्रं परत येतील, राजा परत येईल, सगळे परत येतील. आणि यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून मोडून टाकलं. गर्दीला काय आवडलं असेल ते सांगायला नको.

यिर्मयाचं पहिलं उत्तर काय होतं? "आमेन. परमेश्वर असंच करो." हे खवचटपणे म्हटलंय की मनापासून, यावर वाद आहेत. मला ते मनापासूनचं वाटतं. त्यालाही हेच हवं होतं. पण मग तो म्हणतो, जुन्या संदेष्ट्यांनी युद्ध, अरिष्ट आणि मरी सांगितली. कुशल सांगणाऱ्याची पारख ते कुशल घडल्यावर होते. एवढं बोलून तो तिथून निघून जातो. पुढे निरोप येतो: लाकडाचं जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं केलंस.

माझं म्हणणं असं आहे. हनन्याची आशा फुकट होती. तिच्यापायी कुणाला काही सोडावं लागत नव्हतं, गुलाम मोकळे करावे लागत नव्हते, तराजू सरळ करावा लागत नव्हता. यिर्मयाची आशा त्याच्याच इशाऱ्यातून जाते, वळसा घालून नाही. शहर पडणार हे ज्याने सगळ्यांत मोठ्याने सांगितलं, त्यानेच त्या शहराच्या वेशीबाहेरची जमीन स्वतःच्या पैशाने घेतली. म्हणून इशारा आणि आशा हे दोन वेगळे कप्पे करून वाचणं मला चुकीचं वाटतं.

एक प्रसंग राहिलाच, अध्याय ३४. वेढ्याच्या धाकाने सिद्कीयाने शहरातल्या सगळ्यांकडून करार करून घेतला की आपापले हिब्रू दासदासी मोकळे करायचे. मोकळे केलेही. तेवढ्यात मिसरचं सैन्य निघाल्याची बातमी आली, बाबेलच्या फौजेने वेढा उठवला आणि लोकांनी सोडलेल्या दासांना पकडून पुन्हा कामाला जुंपलं! संकट टळलं असं वाटताच दुसऱ्या दिवशी माणूस कसा वागतो याचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. फौज परत आली.

आमोस, होशेय, यहेज्केल वाचलेल्यांनीही लिहा.

---

तिरकस

लेख आवडला, पण नेहमीचा प्रश्न विचारतोच. हे सगळं घडून गेल्यावर लिहिलेलं नाही कशावरून? शहर पडलं, मग कुणीतरी बसून लिहिलं की आमच्या यिर्मयाने आधीच सांगितलं होतं. आणि आशेचे अध्याय, ३० ते ३३, तर बाबेलहून परत आलेल्या लोकांनी स्वतःच्या समाधानासाठी घातलेले वाटतात. यिर्मयाने बाबेलच्या सत्तेला सत्तर वर्षं दिली, ते गणितही ओढूनताणून आहे. इ.स.पूर्व ६०५, म्हणजे नबुखद्नेस्सर गादीवर आला तिथपासून, ५३९, म्हणजे बाबेल पडलं तिथपर्यंत मोजा, ६६ होतात. मंदिर पाडल्यापासून नवं मंदिर उभं राहीपर्यंत मोजलं तर सत्तरच्या आसपास येतं. म्हणजे सोयीने मोजा.

---

दस्तनोंदणी

धार्मिक बाजू मला कळत नाही, पण जन्म दस्तांत गेला म्हणून लिहितो.

हे खरेदीखत म्हणून वाचलं तर व्यवस्थित आहे. घेणारा, देणारा, मिळकत कुठली, मोबदला किती, तो साक्षीदारांसमक्ष चुकता, दस्त लिहिलेला, मोहर, वर दोन प्रती. मोबदला तोलून दिलाय, मोजून नाही, कारण तेव्हा त्या भागात नाणी चालत नव्हती. शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमच्या थोडा आत, म्हणजे जवळपास आपला तोळा. सतरा तोळ्यांच्या जरा आत चांदी समजा.

भाव रास्त का, हे सांगता येत नाही कारण क्षेत्रफळ दिलेलं नाही. पण बायबलातच अब्राहामाने साराच्या दफनासाठी हेब्रोनला शेत आणि गुहा घेतली ती चारशे शेकेलांना, आणि दाविदाने खळं व बैल घेतले ते पन्नास शेकेलांना. त्या मानाने सतरा म्हणजे पडत्या भावाचा सौदा दिसतो. आणि ताब्याचं काय! ताबा शत्रूकडे आणि खरेदीखत नातेवाइकाच्या नावे. असा दस्त घेऊन कुणी आलं असतं तर मी त्याला आधी चहा पाजून घरी पाठवलं असतं.

मोहरबंद आणि उघडा भाग, ही पद्धत मात्र मला फार आवडली. रोज लागेल तो उघडा, वाद झाला तर मोहर फोडून आतला ताडून बघायचा. छेडछाड करायला वावच नाही.

---

उत्खनन

दस्तनोंदणी काका, ही पद्धत प्रत्यक्ष सापडली आहे. यिर्मयाच्या कितीतरी शतकं नंतरची, पण त्याच मुलखातली. मृत समुद्राजवळच्या एका गुहेत १९६१ मध्ये यिगाएल यादीन यांच्या चमूला बाबाथा नावाच्या बाईची कागदपत्रं मिळाली, इ.स.च्या दुसऱ्या शतकातली. त्यातल्या कित्येक दस्तांचा मजकूर दोनदा लिहिलेला आहे: वरचा भाग गुंडाळून दोऱ्याने शिवलेला, खालचा वाचायला उघडा, आणि मागे साक्षीदारांच्या सह्या. तीही रोमविरुद्धच्या बंडाच्या धामधुमीत ही पुडकी घेऊन गुहेत लपली होती.

तिरकस, सगळंच मागाहून रचलं म्हणणं जरा अवघड जाईल. लाखीशच्या उत्खननात १९३५ मध्ये खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं निघाली, या शेवटच्या युद्धाच्या आसपासची. एका चौकीवरचा माणूस वरिष्ठाला कळवतो की आम्ही लाखीशच्या अग्नीच्या खुणेकडे डोळे लावून आहोत, कारण अजेका दिसत नाही. आता यिर्मया ३४:७ वाचा: यहूदाच्या (यरुशलेम राजधानी असलेल्या राज्याच्या) तटबंदीच्या नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. ज्याने ते वाक्य लिहिलं त्याला युद्धाचा नकाशा नीट माहीत होता.

दुसरी गोष्ट. यरुशलेमच्या जुन्या भागात, दाविदनगरात, १९८२ मध्ये यिगाल शिलोह यांना एका घरात पन्नासेक मातीच्या मोहरा सापडल्या. कागद शहराच्या आगीत जळले, पण त्याच आगीत मोहरांची माती भाजून पक्की झाली म्हणून त्या टिकल्या. एकीवर नाव आहे: शाफानाचा मुलगा गमर्या. अध्याय ३६ मध्ये बारूख यिर्मयाची गुंडाळी मंदिरात वाचून दाखवतो ती याच गमर्याच्या खोलीतून. आणि यहोयाकीम राजा (वर आलेल्या यहोयाखीनाचा बाप) ती गुंडाळी तीन-चार रकाने झाले की चाकूने कापून शेगडीत टाकत होता, तेव्हा "नका जाळू" म्हणणाऱ्या तिघांत हा एक होता.

(बारूखच्या नावाच्या मोहराही बाजारात आल्या होत्या. त्यांचा उत्खननातला ठावठिकाणा नाही आणि त्या बनावट असल्याचा दाट संशय आहे, त्या सोडून द्या.)

मात्र तिरकस यांच्या बाजूनेही एक मुद्दा देतो. यिर्मयाचं ग्रीक भाषांतर आपल्या हातातल्या हिब्रू पाठापेक्षा बरंच लहान आहे, आणि मृत समुद्राच्या गुंडाळ्यांत तशाच आखूड हिब्रू पाठाचे तुकडेही मिळालेत. म्हणजे पुस्तक वाढत गेलं. ग्रीकमध्ये नसलेला सगळ्यात मोठा सलग उतारा कुठला? ३३:१४-२६, दाविदाच्या वंशाबद्दलचं आश्वासन. आशेचाच भाग! पण शेत खरेदीचा अध्याय दोन्हींत आहे.

---

तिरकस

घ्या, माझा वकील विरोधी पक्षात निघाला. 😀

---

पडवीतला_वाचक

उत्खनन, फार मोलाचा प्रतिसाद. गमर्याच्या मोहरेचं मला वरच्या लेखातच घालायला हवं होतं असं वाटतंय, आगीने राखलेली गोष्ट आहे ती.

तिरकस, "घडून गेल्यावर लिहिलं" याला माझं उत्तर वेगळं आहे. तसं असतं तर चुकलेली भाकितं खोडून टाकली असती. यहोयाकीमाला गाढवासारखं ओढून वेशीबाहेर फेकतील, असं यिर्मया म्हणतो. राजांच्या पुस्तकात मात्र तो आपल्या पूर्वजांना जाऊन मिळाला एवढंच साधं लिहिलंय. यहेज्केलाचं तर बघाच. त्याने सांगितलं की नबुखद्नेस्सर समुद्रकाठच्या सोर नगराचा पार धुव्वा उडवेल, लूट करेल. पुढे एकोणतिसाव्या अध्यायात तोच लिहितो की नबुखद्नेस्सराच्या सैन्याने सोरपुढे डोक्याला टक्कल पडेपर्यंत आणि खांदे सोलवटेपर्यंत मेहनत केली, पण हाती काही लागलं नाही. म्हणून आता त्याला मिसर मजुरीदाखल मिळेल. हे दोन्ही अध्याय तसेच ठेवलेत. झाकायचं असतं तर केवढं सोपं होतं.

खरं म्हणजे इशारा हे वेळापत्रक नव्हतंच. अध्याय १८ मध्ये कुंभाराच्या घरी यिर्मयाला तेच सांगितलं जातं: एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असं मी म्हटलं आणि ते वळलं, तर मी माझा बेत बदलेन. उलटही तसंच. योनाची गोष्ट याच्यावरच उभी आहे. त्याने निनवेत जाऊन चाळीस दिवसांची मुदत सांगितली, गाव राजासकट गोणपाट नेसून बसलं, नाश झाला नाही, आणि हे महाशय फुरंगटून शहराबाहेर मांडव घालून बसले. भाकीत खोटं ठरलं हेच त्याचं यश, पण ते पटायला मन मोठं लागतं.

सत्तर वर्षांबद्दल वाद घालत नाही. मला ती "तुमच्या हयातीत नाही" असं सांगण्याची पद्धत वाटते.

---

नगरचा_घंटानाद

मी मंडळीत वाढलेला ख्रिस्ती आहे, त्यामुळे यिर्मया २९:११ आमच्याकडे घरोघरी भिंतीवर असतो. बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेल्या पत्रातलं हे वचन. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशादायी भविष्य मिळेल वगैरे. दहावीच्या निकालाला, लग्नाला, नोकरीच्या मुलाखतीला, सगळीकडे हाच. पण दहावं वचन कुणी फ्रेम करत नाही, आणि त्यात म्हटलंय की सत्तर वर्षं भरल्यावर. वरच्या "तुमच्या हयातीत नाही" शी मी पूर्ण सहमत. ज्यांना ते पत्र गेलं त्यातले बहुतेक बाबेलमध्येच मेले.

पत्राचा बाकीचा मजकूरही बघण्यासारखा आहे. घरं बांधा, राहा, बागा लावा, फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला पकडून नेलंय त्याचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्या लोकांनी आपलं शहर लुटलं त्यांच्या शहरासाठी प्रार्थना! हे ऐकून बाबेलमधल्या एका गृहस्थाने यरुशलेमच्या याजकाला उलट पत्र लिहिलं की असल्या वेड्याला खोड्यात का घालत नाही. ते मला अगदी समजतं.

आमच्या वाचनात एकतिसाव्या अध्यायातला नवा करार फार मोठा आहे, तो आम्ही ख्रिस्ताकडे नेतो. इतर तसं वाचत नाहीत हे माहीत आहे, त्यावर इथे वाद नको. पण मूळच्या श्रोत्यांना तो इस्राएल आणि यहूदाच्या घराण्यांबद्दलच ऐकू आला असणार, हे आपल्या लोकांनीही विसरू नये.

---

पिंपळपार

बाबेलच्या पत्रावरून एक पुणेरी धागा जोडतो. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, आपण जाता-येता बघतो. डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतलं आणि १८६७ साली ते पूर्ण झालं. ससून बगदादहून मुंबईत आलेले. बगदादी यहुदी आपली परंपरा बाबेलला नेलेल्या याच लोकांपर्यंत नेतात. "घरं बांधा, बागा लावा" हे त्या समाजाने इतकं मनावर घेतलं की इराणच्या कोरेशने परत जायची मुभा दिल्यावरही मोठा भाग तिथेच राहिला, आणि अडीच हजार वर्षं राहिला. १९५०-५१ मध्ये इराकमधून लाखाहून जास्त यहुदी विमानांनी इस्रायलला गेले तेव्हा कुठे ते घर मोडलं.

---

चौलची_खाडी

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली यहुदी, बालपण अलिबागच्या बाजूला गेलं, आता बरीच वर्षं इस्रायलमध्ये. धागा वाचून लिहायचा मोह आवरला नाही.

तुम्ही सगळे संदेष्टे पुस्तक म्हणून वाचताय. आमच्याकडे ते पंचांगाने ऐकायचे असतात. तम्मुज महिन्याच्या सतराव्या दिवसापासून आव महिन्याच्या नवव्या दिवसापर्यंत तीन आठवडे शोकाचे. त्या तीन शब्बाथांना (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) सिनेगॉगमध्ये खडसावणारे उतारे वाचतात: दोन यिर्मयाच्या सुरुवातीचे आणि एक यशयाचा पहिला अध्याय, ज्यात यरुशलेमच्या पुढाऱ्यांना सदोमचे अधिपती म्हटलंय. मग नववी आव, मंदिर पडल्याचा उपास. आणि त्यानंतर सलग सात शब्बाथ सांत्वनाचे, सगळे यशयाच्या चाळिसाव्या अध्यायापासून पुढचे. पहिला तर "सांत्वन करा, माझ्या लोकांचं सांत्वन करा" इथूनच सुरू होतो. तीनाला सात. पडवीतला_वाचक म्हणतात तसे हे वेगळे कप्पे नाहीत, पण क्रम मात्र ठरलेला आहे. सांत्वन आधी येत नाही.

नवव्या आवच्या रात्री जमिनीवर बसून विलापगीत वाचतात. त्याचं शेवटचं वचन फार कडू आहे: तू आम्हाला अगदीच टाकून दिलं आहेस का, इतका का रागावलास. तिथे थांबत नाहीत. त्याच्या आधीचं वचन, "आम्हाला परत आण, आमचे दिवस पूर्वीसारखे कर", ते पुन्हा म्हणतात आणि मग पुस्तक मिटतात. पण कडू वचन खोडलेलं नाही, वाचून झाल्यावरच मागे जायचं.

आणि या एवढ्या गंभीर दिवसाचं कोकणातलं जुनं नाव माहीत आहे? बिरड्याचा सण! उपास सोडताना वालाचं बिरडं असायचं म्हणून. माझी आजी यरुशलेमसाठी रडायची आणि वाल सोलायची, दोन्ही एकाच दुपारी.

---

दस्तनोंदणी

ताई, वाल सोलणं हे स्वतःच प्रायश्चित्त आहे.

---

बाळबोध

मला एक साधा प्रश्न. यिर्मयाला ते शेत मिळालं का हो?

---

उत्खनन

नाही. थोडक्यात सांगतो.

शहर पडल्यावर बाबेलच्या सेनाधिकाऱ्याने यिर्मयाला मोकळं केलं आणि विचारलं, बाबेलला येतोस की इथे राहतोस. तो मागे राहिला, मिस्पाला, गदल्या नावाच्या सुभेदाराजवळ. काही काळ बरा गेला. पळून गेलेले लोक परतले, द्राक्षं आणि उन्हाळी फळं गोळा केली. मग राजवंशातल्या इश्माएलने गदल्याचा खून केला. बाबेल सूड घेईल या भीतीने उरलेले लोक मिसरला निघाले. यिर्मयाने नको म्हटलं, तरी त्यालाही आणि बारूखलाही बरोबर घेऊन गेले. त्याचं शेवटचं बोलणं मिसरमधलंच आहे, आणि तिथेही भांडणच.

गंमत म्हणजे वेढा मध्ये उठला होता तेव्हा तो बन्यामिनाच्या प्रदेशात, म्हणजे गावाकडे, वतनाच्या वाटणीच्या कामासाठी निघाला होता. वेशीवरच त्याला पकडलं: तू शत्रूला मिळायला चाललास. अटक झाली ती तिथे.

मात्र एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परतलेल्यांची गाववार यादी आहे. त्यात अनाथोथची माणसं १२८. नहेम्याच्या यादीतही तोच आकडा.

---

भाकरतुकडा

सगळे यिर्मयावर बसलात, म्हणून आमोसाची बाजू मांडतो. मला तोच जवळचा. तकोवाचा मेंढपाळ, उंबराची फळं टोचणारा, कुठल्या संदेष्ट्यांच्या घराण्यातला नाही हे स्वतःच ठणकावून सांगणारा. यिर्मयाच्या दीडशेएक वर्षं आधी तो उत्तरेच्या राज्यात जाऊन बोलला. यराबाम दुसऱ्याच्या काळात, म्हणजे भरभराटीत. संकटात इशारा देणं त्या मानाने सोपं. सगळं छान चाललेलं असताना देऊन बघा.

त्याची सुरुवात फार बेरकी आहे. दिमिष्कावर कोप, गज्जावर, सोरवर, अदोमावर, अम्मोनावर, मवाबावर. ऐकणारे माना डोलावत असणार, बरोबर आहे, असेच आहेत ते. मग यहूदा. आणि मग एकदम, "इस्राएल". न्यायी माणसाला रुप्यासाठी आणि गरिबाला वहाणांच्या एका जोडासाठी विकता. मापात लबाडी, तराजूत खोट, सण कधी संपतो आणि धान्य विकायला बसतो अशी घाई. तुमची गाणी बंद करा, मला न्याय पाण्यासारखा वाहिलेला हवा. बेथेलच्या अमस्या याजकाने त्याला सरळ हाकललं: हे राजाचं पवित्रस्थान आहे, तू यहूदात जाऊन पोट भर. इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास उत्तरेची राजधानी शोमरोन पडलं.

पण आमोसाच्या शेवटच्या पाच वचनांतली आशा, दाविदाचा पडलेला मांडव उभारीन, डोंगरांवरून द्राक्षरस पाझरेल, ती मला त्याची वाटत नाही. आठ अध्याय सतत आसूड आणि मग अचानक द्राक्षरस? कुणी तरी दयाळू माणसाने नंतर जोडली असावी. आणि इथे मी धागाकर्त्याशी असहमत आहे. त्या आशेला काही किंमत पडलेली नाही.

---

पडवीतला_वाचक

अनेक अभ्यासकही तुमच्यासारखंच मानतात. पण "नंतर जोडली" म्हणजे "फुकट" हे पटत नाही. मांडव पडलाय असं म्हणणारा माणूस तो पडल्यानंतर लिहितोय, म्हणजे त्याने आमोसाचे आठ अध्याय खरे ठरलेले बघितलेत. तरीही त्याने ते एका अक्षरानेही मऊ केले नाहीत, शेवटी पाच वचनं लिहिली. मला त्यात हनन्या दिसत नाही.

---

भाकरतुकडा

बघू. अर्धं पटलं.

---

तिरकस

मला हनन्याचीच बाजू घ्यायची आहे. सगळे त्याला भोंदू समजून चालले आहेत. पण विचार करा, एका अर्थी तो यशयाचाच शिष्य नव्हता का? इ.स.पूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यरुशलेम घेरलं, यहूदाच्या राजा हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याचं त्याने स्वतःच कोरून ठेवलंय. यशया म्हणाला, हे शहर त्याच्या हाती जाणार नाही. आणि गेलं नाही! हनन्याने शंभर वर्षांपूर्वीची खरी ठरलेली आशा तशीच्या तशी उचलली. त्यात त्याचा दोष काय?

---

पडवीतला_वाचक

दोष हाच की तशीच्या तशी उचलली. याचं उत्तर यिर्मयाच्याच पुस्तकात आहे, अध्याय २६. मंदिराच्या अंगणात तो म्हणाला की हे मंदिर शिलोसारखं, त्या जुन्या उद्ध्वस्त पवित्रस्थानासारखं, उजाड होईल. याजक आणि संदेष्टे म्हणाले, याला मारा. खटला उभा राहिला. तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी उठून आठवण करून दिली: हिज्कीयाच्या काळात मोरेशेथचा मीखा असंच म्हणाला होता, सीयोन (यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल. हिज्कीयाने त्याला मारलं का? नाही, तो देवाला भ्याला, आणि अरिष्ट टळलं.

म्हणजे ७०१ च्या दोन आठवणी होत्या. एक, शहर वाचलं. दुसरी, शहर वाचलं कारण इशारा ऐकला गेला. हनन्याने पहिली घेतली, त्या वडीलधाऱ्यांनी दुसरी. प्रामाणिक तर तो असेलही, तिरकस. तसं नसतं तर यिर्मया "आमेन" म्हणाला नसता.

---

तिरकस

हे मान्य. आणि त्याच अध्यायात तो उरीया?

---

उत्खनन

हो, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. किर्याथ-यारीमचा उरीया, अगदी यिर्मयासारखंच बोलला. मिसरला पळाला, यहोयाकीमाने माणसं पाठवून धरून आणला, तलवारीने मारला आणि प्रेत सामान्य लोकांच्या थडग्यांत टाकलं. यिर्मया वाचला कारण राजाचा चिटणीस शाफान याचा मुलगा अहीकाम त्याच्या पाठीशी उभा राहिला. गमर्या, ज्याची मोहर सापडली, तोही शाफानाचा मुलगा. बाबेलला पत्र घेऊन जाणाऱ्यांतला एलासा शाफानाचा. मिस्पाचा गदल्या हा अहीकामाचा मुलगा, म्हणजे शाफानाचा नातू.

---

दस्तनोंदणी

म्हणजे संदेष्ट्याच्या मागे एक अख्खं कारकून घराणं होतं! उत्खनन, यावर वेगळा धागा काढा. वंशावळ टाका, आम्ही वाचतो.

---

उत्खनन

काढतो. पण यहेज्केलाच्या आठव्या अध्यायात याजन्या नावाचा शाफानाचा एक मुलगा मूर्तींपुढे धूप जाळताना दिसतो. तोही यादीत घ्यावा लागेल.